करंड्यातली खरखर

सकाळी दार उघडलं तर समोरचं घर गायब. गेट नाही, कुंड्या नाहीत, रस्त्यापलीकडची बाग नाही. दुधाच्या पाण्यात बुडवून ठेवल्यासारखं सगळं. खालून आंटीजींचा आवाज तेवढा वर आला, "धुंद पै गई, पुत्तर! कपड़े ना पाईं बाहर!"

आंटीजी म्हणजे आमच्या घरमालकीण. त्या खाली राहतात, आम्ही वरच्या दोन खोल्यांत. दरवर्षी पहिल्या धुक्याला त्या हेच ओरडतात आणि दरवर्षी तोवर माझे कपडे आदल्या रात्रीच दोरीवर गेलेले असतात. आज पण गेले होते. काढून आणले, तर उन्हात वाळण्याआधीच ते पुन्हा धुतल्यासारखे झालेले.

मी माणदेशातली. आमच्याकडं लांबचं दिसतं. झाडंच कमी, त्यामुळं नजरेला अडवायला कोण? शेजारच्या गावचा कळस, त्याच्या पलीकडच्या गावचा पवनचक्कीचा पंखा, सगळं घरात बसून दिसतं. चंदीगडला आल्यावर पहिलं धुकं पाहिलं तेव्हा मी घाबरून ह्यांना हलवून उठवलं होतं, "अहो, कुठं आग लागलीय का बघा की." हे गोधडीतूनच म्हणाले, "हां, लागलीय. थंडीची." आणि परत झोपले.

धुक्यात डोळ्यांचं काम कानांवर पडतं. सायकल दिसायच्या आधी तिची चेन ऐकू येते. माणूस दिसायच्या आधी त्याचं खाकरणं येतं. म्हणून असेल, धुकं पडलं की मला तो एक हिवाळा आठवतो, जो मी सगळाच्या सगळा कानांनी काढला.

हे फौजेत, आणि त्या वर्षी ह्यांची बदली वर बर्फात झाली होती. वर म्हणजे कुठं, ते आम्ही फौजींच्या बायका एकमेकींना विचारत नाही. "तुमचे कुठं आहेत?" "वर आहेत." एवढ्यात सगळं आलं. मनूची शाळा इथं चांगली बसली होती, म्हणून आम्ही मायलेकी सेक्टर तीसमधल्या ह्याच खोल्यांत राहिलो. मी तेव्हाही डबे करायचे, आजही करते. सेक्टर चौतीसच्या क्लासांना आलेली पोरं, कुणी लातूरचं, कुणी भटिंड्याचं, माझ्या हातचं जेवतात. नववीत शाळा सोडलेल्या बाईच्या पोळ्या खाऊन पोरं इंजिनियर व्हायला निघतात, ह्याची मला गंमत वाटते. धास्तीपण वाटते. भाजीत मीठ जास्त झालं आणि एखाद्याचा पेपर बिघडला तर? मनू म्हणते, "मम्मी, नमक से कोई फेल नहीं होता." मी तिच्याशी मराठीत बोलते, ती मला हिंदीत उत्तर देते, आणि आमचं भांडणसुद्धा असं दोन भाषांत अगदी सुरळीत चालतं.

धास्ती हा माझा जुना सोबती. सगळं ठीक चाललंय असं वाटलं की मला वाटतं, कुणीतरी मोजायचं विसरलंय, आत्ता येईल आणि परत मागेल. दोन खोल्या, शिकणारी लेक, दारात ऊन, खाली ओरडणारी का होईना पण मायाळू बाई. एवढं सगळं मला कसं मिळालं, ह्याचे आभार कुणाचे मानायचे ते कळत नाही, म्हणून मी सगळ्यांचेच मानत असते. गॅसवाल्याचेही.

तर हे वर. खाली बेसला उतरले की त्यांच्या फोनला नेटवर्क मिळायचं, आणि मग दोनतीन निरोप एकदम येऊन पडायचे. लिहायचा ह्यांना कंटाळा. बोलून पाठवायचे. त्याच सुमाराला माझा जुना फोन मनूच्या हातून कणकेच्या परातीत, म्हणजे परातीतल्या पाण्यात पडला आणि नवा घ्यावा लागला. नव्या फोनला हेडफोन लावायचं भोकच नाही! ह्यांनी कॅन्टीनमधून आणलेला कान झाकणारा चांगला हेडफोन होता माझ्याकडं. बाजारातून एक छोटी वायर आणली, एका टोकाला फोनमध्ये जाणारी चपटी पिन, दुसऱ्या टोकाला हेडफोनचं भोक. मनूनं तिला नाव ठेवलं, शेपटी.

शेपटी लावून मी ह्यांचा वरून आलेला पहिला निरोप ऐकला. "सुनंदा, मी मजेत आहे. जेवण चांगलं आहे. धास्ती घेऊ नको." आणि ह्या सगळ्याच्या मागं, शब्दांच्या मधल्या जागेत, खरखर. खर्र, खर्र, थांबून परत खर्र.

मी निरोप परत लावला. परत खर्र.

आता मराठीत खरखर वायरीत असते, रेडिओत असते, आणि छातीतही असते. कफ झालेल्या लेकराच्या पाठीला कान लावून आमच्या बायका म्हणतात, "खरखर वाजतीय गं, शेक." आमच्या गल्लीतल्या अनघाताई ह्याच आवाजाला इंग्रजीतून नॉइज म्हणतात. नॉइज ह्या शब्दाला छाती नसते. मला मात्र खरखर म्हटलं की आधी छातीच दिसली.

आणि ह्यांच्या 'मजेत'वर माझा विश्वास नव्हता. मागं एकदा पूर्वेकडं असताना असंच रोज "मजेत आहे, मजेत आहे" चाललं होतं, आणि नंतर कळलं की ते सगळे निरोप फौजी दवाखान्यातल्या कॉटवरून आलेले. निमोनिया. विचारलं तर म्हणाले, "मग काय सांगणार होतो? तू तिथनं शेकणार होतीस का?" तेव्हापासून 'मजेत' हा शब्द माझ्यापुरता नाण्यासारखा झाला. वाजवून घ्यायचा. आणि आता वाजवायला गेले तर मागं खरखर.

ती खरखर नव्या शेपटीची की वरच्या थंडीची? दोन्ही एकाच वेळी आयुष्यात आलेल्या. मी बहिणीचा निरोप शेपटीतून ऐकून पाहिला. तिच्याही मागं खरखर. पण तिचं घर पिठाच्या गिरणीला लागून. तिच्या आवाजात लग्न झाल्यापासून ज्वारी दळली जातेय. त्यावरून काय कळणार?

मनू वैतागली. "मम्मी, पापा बिल्कुल ठीक हैं, यार. वायर सस्ती है."

"तुला कसं कळलं?"

"क्योंकि वायर सस्ती है!"

अनघाताई नागपूरच्या. इथल्याच एका सरकारी प्रयोगशाळेत मोठ्या शास्त्रज्ञ आहेत, गल्लीच्या टोकाला एकट्या राहतात आणि दुपारचा डबा माझ्याकडून घेतात. डब्यात वरण फिकं असलं की निरोप येतो, "सुनंदा, आज कोण आजारी आहे?" त्यांना गाणं ऐकायचा भारी नाद. घरात हेडफोन चार, आणि फोन नि हेडफोनच्या मध्ये लावायच्या, आवाज साफ करणाऱ्या डब्या त्याहून जास्त. एक दिवस डबा द्यायला गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "अशी काय पडल्या चेहऱ्यानं फिरून राहिली गं?"

सांगितलं. त्या लगेच उठल्या आणि टेबलावरून काडेपेटीएवढी काळी डबी आणून माझ्या हातावर ठेवली. विलायती. "हे लाव नं. ह्याच्यात खरखर आली तर भाऊजींची, नाही आली तर तुझ्या वायरीची. दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचंच काम होतं. मी डबी हातात धरली. थंड, गुळगुळीत, जड. आणि परत ठेवली.

"नको ताई. तुमची महागाची वस्तू. मी माझं करते काहीतरी."

"काय करतेस?"

"हे आतनं कसं असतं? डाग देता येतो मला."

त्या बघतच राहिल्या. मग मी त्यांना भोसरीचं सांगितलं. शाळा सुटल्यावर लग्नापर्यंत मी तिथं एका कंपनीत होते, लाइनवर. सर्किटच्या हिरव्या पाट्या समोरून सरकायच्या, आणि आम्ही पोरी त्यावर बारीक बारीक सोल्डरिंग करायचो. सगळ्या सोल्डर म्हणायच्या, पण आमच्या लाइनच्या शेलारबाई डाग म्हणायच्या. भांड्याला देतात तोच. "डाग चकाकला पाहिजे गं पोरींनो. सुरकुतला, मळका दिसला, म्हणजे थंड बसला. थंड डाग आज गप बसतो आणि उद्या कुरकुरतो, नव्या सुनेसारखा." मग स्वतःच हसायच्या, कारण घरी त्यांना तीन सुना.

अनघाताई खूश झाल्या. त्यांच्याकडं एक छोटी पाटी पडून होती, नखाएवढी चिप आधीच बसवलेली. बाकीचं सामान मी बसवायचं. त्यांनी कागदावर न काढता बोलूनच समजावलं. फोनमध्ये आवाज नसतोच, म्हणाल्या. नुसते आकडे असतात. कानाला आकडे कळत नाहीत. ही चिप म्हणजे दुभाष्या. आकडे ऐकते आणि आवाज बोलते. दुभाष्या चांगला असला की आपल्याला वाटतं, माणूसच बोलतोय.

मला ते फार आवडलं. ह्या गावात मी रोज दुभाष्याचंच काम करते. आंटीजींची पंजाबी ऐकायची, मनूची हिंदी, आणि आत जाऊन सगळ्याचं मराठी करायचं.

आणि मग सुरू झाला तो उद्योग. दुपारी धुकं विरायचं. आधी सूर्याच्या जागी एक फिकट बत्तासा दिसायचा, मग हळूहळू त्याला धार यायची, आणि सगळ्या गल्लीत एकच हाक, "धूप निकल आई!" गच्च्यांवर खाटा, चटया, संत्र्याची सालं, भुईमुगाच्या शेंगांची टरफलं. आंटीजी स्वेटर विणायला बसायच्या, मी त्यांच्या शेजारी पाट घेऊन. पाटावर ती पाटी, बाहुलीच्या इस्त्रीएवढं सोल्डरिंगचं यंत्र, आणि डागाच्या राळेचा वास. तो वास आला की मी एकदम सतरा वर्षांची व्हायचे. भोसरीचं हॉस्टेल, डब्यातला चटणीचा लाल तेलकट कागद, पगाराच्या दिवशी आईसाठी घेतलेलं पहिलं लुगडं. शाळा सुटल्याचं दुःख मला खूप असायला हवं होतं, असं लोक म्हणतात. पण मला ती लाइन आठवते ती शाळेसारखीच. फक्त फळा हिरवा आणि हाताएवढा.

आंटीजी विणता विणता बघायच्या. "एह की बणौंदी पई ऐं?"

"आंटीजी, फौजी साहब की आवाज साफ करने की मशीन."

"हाय! मेरे वाले दी तां आवाज ही बंद नहीं सी हुंदी." त्यांचे सरदारजी जाऊन बरीच वर्षं झाली. हे वाक्य बोलून त्या हसल्या आणि मग बराच वेळ टाके मोजत बसल्या.

पाटी तयार झाली. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत बसवली आणि आंटीजींचं गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन लावून पाहिलं. आवाज आला! पण फोन जवळ नेला की टर्र टर्र. अनघाताई म्हणाल्या, फोनच्या लहरी आत शिरतात, धातूची डबी पाहिजे, आणि त्या धातूला पाटीच्या ग्राउंडशी जोडलं पाहिजे. नुसतं धातूत ठेवून भागत नाही. त्याला जमिनीशी नातं लागतं.

मागच्या संक्रांतीला हळदीकुंकवात वाण म्हणून मिळालेली स्टीलची डबी होती. तिच्यावर डाग द्यायला गेले तर अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा थेंब पळतो नुसता. स्टीलला साधा डाग धरत नाही, हे मी विसरले होते. धरतो तो पितळेला. पितळेचं घरात एकच होतं. माझा कुंकवाचा करंडा. लग्नात आईनं दिलेला, तिला तिच्या आईनं दिलेला. त्याला दोन बाजूंनी भोकं पाडावी लागणार होती.

नवरा वर, आणि मी कुंकवाच्या करंड्याला भोक पाडायचं? हात धजेना. आईला फोन लावला. ती आधी भडकलीच.

"भोक? कुकवाच्या करंड्याला? येडी का खुळी तू?"

मी सगळं सांगितलं, ती खरखर, ते मजेत, ती पाटी. पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत राहिला. मग आई म्हणाली, "त्यात कुकू कुणाच्या नावाचं व्हतं?"

"ह्यांच्याच की."

"आन आता त्यात आवाज कुणाचा येणार?"

"ह्यांचाच."

"मग पाड भोक. आन कुकू हाय त्ये सांडू नगंस, दुसऱ्या डबीत काढून ठेव."

कुंकू स्टीलच्या डबीत गेलं. आंटीजींनी सरदारजींची हत्यारपेटी उघडून हाताचा ड्रिल काढून दिला. पितळेचा सोनेरी कीस पाटावर पडला तो मी पुसून टाकला नाही, चिमटीनं गोळा करून तुळशीच्या कुंडीत टाकला. का, ते सांगता येणार नाही.

सगळं जोडलं. झाकण लावलं. हेडफोन कानावर. ह्यांचा निरोप. "सुनंदा, मी मजेत..."

खर्र.

नवी पाटी, पितळेची डबी, माझ्या हातचा डाग, आणि तरी खरखर. म्हणजे ती वायरीची नव्हतीच. मी हेडफोन काढून ठेवला आणि पोळ्या करायला उठले. त्या दिवशीच्या डब्यांतल्या पोळ्या कशा झाल्या होत्या ते त्या पोरांनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी धुकं उठलंच नाही. मनू शाळेत गेली ती मफलरचं एक टोक हलवत धुक्यात विरघळली, आणि मला तेसुद्धा बघवेना.

अनघाताई स्वतःच आल्या. डब्यात भात विसरले होते मी. करंडा बघून त्यांनी हेडफोन कानाला लावला, निरोप चालू केला, आणि डोळे मिटून करंड्यावर बोट ठेवलं. दाबलं. उचललं. परत दाबलं.

"सुनंदा, इकडं ये. मी हात लावला की बदलते बघ."

मी ऐकलं. खरंच. बोट दाबलं की खर्र कमी, उचललं की जास्त.

"आता सांग," त्या म्हणाल्या, "भाऊजी तिकडं, मी इकडं डबीला हात लावून राहिली. त्यांच्या छातीतली खरखर इथं हात लावून कमी होईल का?"

मी मानेनं नाही म्हटलं.

"मग ही खरखर तुझ्या डबीची आहे. बघ, कुठं हललंय."

झाकण उघडलं. आणि शेलारबाई डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. ग्राउंडची तार जिथं पितळेला जोडली होती, तिथला डाग मळका, सुरकुतलेला. थंड बसला होता. बसणारच. इथली थंडी, त्यात करंड्याचं जाड पितळ, माझ्या यंत्राची ऊब ते एका घोटात पिऊन टाकत होतं. हा डाग भोसरीत दिला असता तर शेलारबाईंनी पाटी परत पाठवली असती.

यंत्रात दम नाही, मग पितळच तापवायला हवं. गावाकडं कल्हईवाला काय करायचा? आधी भांडं तापवायचा. मी पाटी बाहेर काढली, तवा गॅसवर ठेवला आणि पोळीच्या जागी करंडा टाकला. अनघाताई ओट्याला टेकून बघत होत्या. "आमच्या लॅबमध्ये सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही," त्या म्हणाल्या, "पण उलटव आता, करपेल." पितळ तापलं, सांडशीनं धरलं, तार टेकवली, डाग दिला. तो पाण्यासारखा पसरला आणि चकाकला. मी त्यात माझं नाक पाहिलं.

लोहडीच्या दिवशी चांगलं ऊन पडलं. गल्लीत संध्याकाळच्या शेकोटीची लाकडं रचायला सुरुवात झाली होती. गच्चीवर अनघाताईंनी परीक्षा मांडली. तीन उमेदवार: शेपटी, त्यांची विलायती डबी आणि माझा करंडा. ऐकणारीनं डोळे मिटायचे आणि आंटीजींनी शालीखाली वायरी बदलायच्या, म्हणजे आपलं ते चांगलं असं व्हायला नको. आंटीजींना हे फार आवडलं. त्यांनी शालीखाली इतकं बदललं, इतकं बदललं, की अनघाताईंनी विचारलं, "आंटीजी, ये कौन सा था?" तर म्हणाल्या, "हुण मैनूं की पता केहड़ा सी!"

शास्त्र तिथंच संपलं. पण कानाला कळलं ते कळलंच. शेपटीत कीर्तनाचा तबला पोत्यात घातल्यासारखा. करंड्यात तो समोर, जरा लांबच्या सतरंजीवर बसलेला. आणि ताईंच्या डबीत, खोटं कशाला बोलू, तबल्यावरची शाई दिसत होती. ताई म्हणाल्या, "तुझा माझ्याहून थोडा मऊ आहे." आंटीजींनी तिन्ही ऐकून करंड्यावर बोट ठेवलं, "एह मिट्ठा ए." कदाचित त्यांना तो पितळेचा रंगच आवडला असेल.

मग मी ह्यांचा निरोप लावला.

आधी काहीच नाही. मागं नुसती स्वच्छ, पांढरी शांतता, सकाळच्या धुक्यासारखी. मग श्वास. एक लांब, मोकळा श्वास, कुठंही न अडकणारा. "सुनंदा," आणि थोडं थांबणं. "मी मजेत आहे." स्टोव्हची सूं. लांब कुणीतरी हसलं. "जेवण चांगलं आहे." आणि मग,

कुडुम्.

मी परत मागं नेलं. कुडुम्, खर्र, खर्र. परत लावलं. छाती स्वच्छ होती. शेपटीची खरखर गेली होती. पण ही एक उरली होती, आणि ही मला ओळखू येत होती. हे माझे तीळशेंगदाण्याचे लाडू होते. दिवाळीनंतर निघताना ट्रंकेत दिलेले. माझा पाक कायम पुढं जातो, लाडू दगड होतात, हे त्यांना तोफगोळे म्हणतात आणि तरी प्रत्येक खेपेला डबा मागतात. आणि बोलताना तोंडात काहीतरी ठेवायची ह्यांची जुनी खोड. थंडीनं तर ते आणखी कडक झाले असणार. अर्धी खरखर शेपटीची होती. अर्धी माझ्या हातची. मी सगळा हिवाळा माझ्याच लाडवांना घाबरत होते.

मी हसायला लागले ते थांबेना. मग डोळ्यांतून पाणी. आंटीजी घाबरल्या. "की होया? ठीक तां है ना ओह?"

"ठीक है, आंटीजी. खा रहे हैं."

मनू शाळेतून आली. तिनं हेडफोन लावला, ऐकलं, आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "मम्मी, मैंने बोला था. पर लड्डू का नहीं पता था."

दुसऱ्या दिवशी संक्रांत. अनघाताईंच्या घरी आम्ही मराठी बायका जमलो, कुणी पंचकुल्याहून आलेली, कुणी विद्यापीठातली. नाव घ्यायचा आग्रह झाला. एरवी मी पाठ केलेलं म्हणते. त्या दिवशी आपोआप आलं:

"पितळेच्या करंड्याला डाग दिला तव्यावर,
संपतरावांच्या आवाजातली गेली खरखर."

कुणाला काही कळलं नाही, पण यमक जुळलं म्हणून टाळ्या पडल्या. कळलं ते एका अनघाताईंना. तिळगूळ देताना त्या हळूच म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी माझी डबी लावली असतीस तर दोन मिनिटांत कळलं असतं. तुला डबी नव्हती करायची गं. तुला न कळता राहायचं होतं थोडे दिवस."

खरं होतं ते. माहीत नसेपर्यंत सगळं चांगलंच असतं, हा माझा हिशेब. पण तो वेळ मी नुसता रडून काढला असता. त्यांनी मला त्यात हाताला काम दिलं. त्याबद्दल मी त्यांचे आभार कधी नीट मानले नाहीत. वरण घट्ट करते, तेवढंच.

करंडा आजही आहे. कुंकू अजून स्टीलच्या डबीतच असतं. आता खरं तर करंड्याची गरज उरलेली नाही, कारण हे खालीच आहेत. पेन्शनीत निघाले आणि इथंच एका शाळेत सुरक्षेचं काम बघतात. गावी जायचं म्हणतो, मनूचं शिक्षण झालं की. तोवर धुकं.

आज ते दुपारी विरलं. आधी बत्तासा, मग धार, मग गल्लीभर हाक. दोरीवर परत कपडे गेले. गच्चीवर खाट टाकून हे उन्हात आडवे झाले, तोंडावर टोपी ओढून. आंटीजी विणत होत्या. मी शेंगा सोलत होते. थोड्या वेळानं टोपीखालून सुरू झालं: खर्र, खर्र, थांबून परत खर्र.

मनू आता कॉलेजात आहे. पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "मम्मी, पापा को ग्राउंड करो."

आंटीजींना अर्थ कळला नाही, तरी त्या हसल्या. मी टरफलं झटकली, उठले, आणि ह्यांच्या छातीवर हात ठेवला. उन्हानं स्वेटर तापला होता. एक लांब, मोकळा श्वास आला, आणि खरखर थांबली.

हात लावला की बदलते.

मी हात तसाच ठेवला.